करून पाहिलेलं कॉकटेल

बाई, आज मी आयुष्यात पहिल्यांदा वाइन शॉपमध्ये गेलो, आणि तेही तुमच्यामुळे. पुरवणीतला पाककृतींचा रकाना तुमच्यानंतर माझ्याकडे आला तो अजून माझ्याकडेच आहे. आता पानावर एक तरुण संपादक आहे, माझ्या मुलीच्या वयाची. सोमवारी तिचा फोन आला. "काका, या रविवारी ब्रंचचं पान आहे. एक कॉकटेल द्या ना. बबल्सवालं, घरच्या कुंडीतली पानं घालून." म्हटलं, "अगं, मी घेत नाही." ती म्हणाली, "घेऊ नका हो, नुसतं लिहा. मी एक पाठवते, थोडं इकडचं तिकडे करा. गुरुवारी सहाला पान छपाईला जातं."

तुमच्या हाताखाली पहिल्या महिन्यात मी नारळाच्या वड्यांचा मजकूर दिला होता, तो दिवस आठवतो. तुम्ही चष्म्यावरून बघता आणि विचारता, "मिश्रण गोळा व्हायला लागलं तेव्हा वास कसला आला?" वड्या केल्याच नव्हत्या, तर वास कुठून येणार? तुम्ही कागद परत सरकवलात, पर्स उचललीत आणि मला ठाकूरद्वारला तुमच्या घरी नेलंत. त्या अरुंद स्वयंपाकघरात मी घामाघूम होऊन कढई ढवळतोय, तुम्ही दारात उभ्या. माझी वडी सुरीने कापेना. "ही लादी झाली," तुम्ही म्हणालात, "मोरीत बसवा. आणि दुसरा नारळ फोडा. वाचणारी बाई तिचा नारळ वाया घालवणार आहे, तुमच्या शब्दावर." दुसऱ्या खेपेला वड्या पडल्या. वास मला अजून सांगता येईल.

तर आज दुपारी दादरच्या त्या दुकानात उभा राहिलो. नाशिककडची फसफसणारी वाइन मागितली. काउंटरवरचा म्हणाला, "काय काका, पार्टी?" म्हटलं, "नाही, काम आहे." तो म्हणाला, "सगळे कामच सांगतात." घरी आलो, गॅलरीतल्या कुंडीतला पुदिना खुडला, गवती चहाची दोन पाती कापून साखरेच्या पाकात उकळली, लिंबू पिळलं. तिने पाठवलेल्या कृतीत लिहिलं होतं, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून जोरात हलवा. मी आज्ञाधारकपणे वाइनसकट हलवलं. झाकण अर्धं फिरवलं आणि बाई, ते बंदुकीसारखं सुटलं. ट्यूबलाइट वाचली, कपाळ वाचलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून पुदिना ओघळत होता.

तिला फोन लावला. "हे तू करून बघितलंयस?"

"काका, कोण करतं?"

"झाकण उडालं. कुणाच्या डोळ्याला लागलं असतं."

ती हळू आवाजात म्हणाली, "सॉरी काका. तुम्ही ठीक आहात ना? पण पान सहाला जातंय हं. नाहीतर मला तेच छापावं लागेल, झाकणाची ओळ काढून."

साडेचार वाजले होते. एवढ्या वर्षांत मी वेळ एकदाही चुकवलेली नाही, आणि नुसती ती ओळ काढून मोकळं होणं काही कठीण नव्हतं. खरं सांगायचं तर तुम्ही गेल्यावर मी तेच करत आलोय. थालीपीठ, कोथिंबीर वडी, साटोऱ्या, सगळं टेबलाशी बसून लिहिलं. येतंय की, करायचं कशाला? कुणाची तक्रारही आली नाही. आज फसलो, कारण या पेयाची चवच मला ठाऊक नव्हती. बनाव करायलाही आधी काहीतरी माहीत असावं लागतं.

दुसऱ्या खेपेला पुदिना इतका कुटला की कडू झाला. तिसऱ्यांदा पानं नुसती तळहातावर थोपटली, बर्फ, पाक, लिंबू आधी घातलं आणि वाइन सगळ्यात शेवटी, ग्लास तिरका धरून, कडेने सोडली. ढवळलं नाही. वरपर्यंत बारीक बुडबुडे चढले आणि गवती चहाचा वास आधी नाकात आला, मग जिभेवर. सहाला सात मिनिटं असताना मजकूर गेला, डब्याचं झाकण उडाल्याचा प्रसंग वरच्या चौकटीत घालून.

लगेच तिचा फोन. "काका, चौकट वाचून अख्खा डेस्क हसतोय. पुढच्या रविवारच्या पानावर तिखट शंकरपाळ्या आहेत. मी शनिवारी तुमच्याकडे येऊन केल्या तर चालेल? मला तळता येत नाही, आधीच सांगते." म्हटलं, "ये. तेल मी आणून ठेवतो."

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक सांगून टाकतो. चव बघायला मला दोन घोट पुरले होते. आता समोर आहे तो ग्लास कामाचा नाही, बाई. मला आवडलंय.