काळ्याच्या पोटातली रुई

१५ एप्रिल २००७, रविवार. बोरी अरब

सकाळची विचारपूस, एकेकाची. बायको कौसल्या, तिचा गुडघा: कालच्याहून बरा, पायरीवर कुरकुर. सुनेचा खोकला: गेला. मुलगा राहुल (नागपूर): पोट बिघडलं होतं म्हणे, आज फोनवर आवाज खणखणीत. माझं बी.पी.: गोळी घेतली, म्हणजे ठीकच समजायचं. कालपासून घरात दोन पाहुणे आहेत, त्यांचीही तब्येत पाहिली. दोघं चालू.

पाहुणे म्हणजे दोन जुने कॉम्प्युटर. यवतमाळच्या रशीदभाईंनी दिले. पूर्वी आमच्या जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करायचे, जिथं मी कापसाची प्रत ठरवायचो; आता हे करतात. म्हणाले, "दोनों ले जाओ, ग्रेडर साहब. चलाके देखो. जो नापसंद, उसके लिए उनतीस को गाडी भेजता."

सून शीतलनं पुढच्या खोलीत टायपिंग-छपाई मांडली आहे. पहिलं काम विहाराचं, वंदनेची पुस्तिका, बत्तीस पानं. बुद्धपौर्णिमेआधी, म्हणजे २ मेच्या आत हातात पाहिजे. नाही झाली तर कमिटी यवतमाळला छापून आणणार. आणि पहिलंच काम सुटलं तर दुसरं या पोरीकडे कोण आणणार. म्हणून यंत्र नीट पारखून ठेवायचं, आणि पारखायचं मी. घरात दुसरा ग्रेडर कोण आहे.

१६ एप्रिल, सोम.

नावं ठेवली, बैलांना ठेवतात तशी. काळा डबा तो काळ्या: आत सेलेरॉन प्रोसेसर, वेग २.६६. मळका पांढरा तो पांढऱ्या: आत सेम्प्रॉन, पाटीवर २६००+. मेमरी दोघांत सारखी, हार्डडिस्क सारखी. फरक काय तो प्रोसेसरचा.

आकड्यांवरून वाटलं, एका वेताचे असतील. पण पांढऱ्याच्या पडद्यावर वेग निघाला १.६. डोकं फिरलं. वर शुभ्र कापूस, खाली डागाळलेली कवडी, असे ढीग जन्मभर पाहिले.

शीतल हसली. "मामाजी, तो आकडा वेगाचा नाही, प्रतीचा हाय. एका फेऱ्यात जास्त काम उरकते तो."

"मंग तसं लिहा ना पाटीवर."

"तुमी प्रत लिहत होते, तं तिथंच वजन लिहत होते का?"

सून हुशार आहे. राहुलला सांगायला हवं.

१७ एप्रिल, मंगळ.

परीक्षा. दोघांना एकच काम: आठ पानं उघडायची, विहाराचा फोटो लावायचा, प्रिंट सोडायची. कागद बाहेर येईपर्यंत माझं मनगटी घड्याळ.

सकाळी: काळ्या ४१ सेकंद. पांढऱ्या ४४. वाटलं, काळ्याच ठेवू.

मग लाइट गेली ती तीनला आली. पत्र्याखाली भट्टी. पांढऱ्या ४५. काळ्या १ मि. ५२. पुन्हा घेतलं, तेच. तिसऱ्या वेळी काळ्या आपला आपणच बंद. शीतलनं त्यात टाइप केलेली तीन पानं गेली. ती उठून पाणी प्यायला आत गेली. तेच जास्त लागलं.

१८ एप्रिल, बुध.

नामदेवच्या हॉटेलात गेलतो. सगळ्या गावाला खबर. नामदेवनं गल्ल्यावरूनच विचारलं.

"ग्रेडर, कोणता बैल ठेवून राह्यले?"

"पांढऱ्या. काळ्या बाद. दुपारी बसते तो."

"दुपारी तं तुमी बी बसता. तुमाले कोण बाद केलं?"

हसून हसून बशीतला चहा सांडला. तरी निकाल म्हणजे निकाल. चाळीस वर्षं जिनिंगमध्ये माझ्या अंगठ्यानं सांगितलेली प्रत कोणी बदलली नाही. रशीदभाईंना फोन केला, काळ्या घेऊन जा. "ठीक है."

२० एप्रिल, शुक्र.

पांढऱ्यावर शीतलची बारा पानं झाली. चेहरा खुलला.

काळ्या कोपऱ्यात. पहाटे उठून पाहतो तर त्याच्यासमोर कौसल्या, चष्मा लावून. बाद झालेला आहे, बिघडला तर कोणी बोलणार नाही, असा हिशोब. चहा होईपर्यंत एका बोटानं स्वतःचं नाव काढलं. मग त्यापुढे माझं. माझं नाव तिनं उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नाही, आणि इथं पडद्यावर ठळक अक्षरात...

म्हणाली, "याले काहून हाकलून राह्यले? माह्या हाताखाली तं मुकाट चालते."

"सकाळी चालते. दुपारी पाहून घे."

२१ एप्रिल, शनि.

आजचं नीट लिहून ठेवतो.

कौसल्या काळ्याला फडक्यानं पुसत होती. मागच्या जाळीतून काहीतरी पांढरं डोकावलं. तिनं चिमटीत धरून ओढलं, लांबच लांब आलं. माझ्या तळहातावर ठेवलं. "पाहा. हे काय हाय?"

रुई.

सवयीनं दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढला. लांब, मजबूत, एक नंबर. मग कुठं डोक्यात उजेड पडला.

शीतलनं स्क्रू काढले. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या फण्या असतात, वर पंखा. फण्यांत रुईची गादी भरलेली, रजईत असते तशी. वारा जाणार कुठून? खालचा जीव तापला की जळू नये म्हणून स्वतःच चाल मंद करतो, अगदीच असह्य झालं की बंद होतो. शीतलनं सांगितलं. म्हणजे काळ्या आळशी नव्हता. बिचारा रजई पांघरून पळत होता.

रशीदभाईंना फोन. "कहां का है ये काळ्या?" तिकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसातला निघाला. गेल्या वर्षी बंद पडली ती. तिथल्या आवारात मीही दोन हंगाम ढीग पाहिलेत. कोणाच्या शेतातली रुई असेल, कोणास ठाऊक. फेकवेना. कौसल्येनं तिच्या वाती वळल्या.

ब्रशनं अन् सायकलच्या पंपानं फण्या साफ केल्या. तीन वाजता, त्याच भट्टीत: काळ्या ४२. पांढऱ्या ४५.

शीतल एवढंच म्हणाली, "मामाजी, ढिगात हात घातला नव्हता वाटते."

नव्हता. पोरं शिकायला यायची तेव्हा पहिला धडा हाच द्यायचो: वरून प्रत सांगायची नाही, खांद्यापर्यंत हात घाला.

२२ एप्रिल, रवि.

नामदेवकडे जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, माझा निकाल चुकला. लपवून काय करतो. नामदेवनं आज चहात साखर जास्त घातली. म्हणाला, "चाळीस वर्षांत एक चूक, तीही कापसातच."

आता पंचाईत. दोघंही चांगले. काळ्या फोटोला किंचित चपळ, पण गरम डोक्याचा. पांढऱ्या थंड, पंख्याचा आवाजही कमी. शीतलला पांढऱ्या बरा वाटतो, दिवसभर शेजारी बसायचं तर शांत हवा. बरोबरच आहे.

२४ एप्रिल, मंगळ.

कमिटीनं तपासायला नेलेली वीस पानं आली, लालच लाल. शीतल दुरुस्त्यांत बुडाली. उरलेली बारा पानं कोण टाइप करणार? लाइट असते ती पाच-सहा तास. पोरीचे डोळे भरले. "नाही होत मामाजी. यवतमाळले जाऊ द्या काम."

कौसल्येनं काळ्या सुरू केला.

तिला कागद लागतच नाही. वंदना पाठ, लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेली. हळू आवाजात म्हणते, एक बोट खाली पडतं. एक ओळ म्हणायची, एक ओळ उठवायची. तीनला भट्टी पेटली, काळ्या चालूच. मी पुठ्ठ्यानं दोघांना वारा घालत होतो, आधी तिला, मग त्याला. ती म्हणे, "त्याले घाला, मले सवय हाय."

संध्याकाळपर्यंत चार पानं. शीतलनं तपासली. दोन चुका. कमिटीच्या हस्तलिखितातली एक चूकही सासूनं पाठावरून पकडली.

२६ एप्रिल, गुरु.

बारा पानं पूर्ण. उद्यापासून प्रिंट. पोहोचतो आता वेळेत, असं वाटतं.

पण रविवारी रशीदभाईंची गाडी येणार, मीच बोलावलेली. फोन उचलला तर कौसल्येनं खाली ठेवायला लावला. "तुमी एकदा बोलले तं काय झालं, पाहिलं ना. आता मी लिहतो." सकाळभर बसली. शीतलनं छापून दिलं. एसटीच्या कंडक्टरच्या हाती देण्याआधी इथं उतरवून घेतो:

"रशीदभाई, जयभीम, सलाम. भाभींची पाठ कशी आहे? लेकीचा ताप उतरला का? तुमचा हात, पंख्यात सापडला होता तो, भरला का? आम्ही सगळे बरे. काळ्याही बरा आहे, त्याच्या पोटात काही नव्हतं, रुई होती. त्याला नेऊ नका. दुसरं गिऱ्हाईक असेल तर त्याला थांबवा. बदल्यात काय द्यावं ते तुम्हीच लिहा. मी अजून त्याच्यावर जोडाक्षरात अडकते, ते शिकायचं आहे. रविवारच्या आत उत्तर द्या. गाडी धाडू नका, चिठ्ठी धाडा."