दोन बोटांचा फरक

क्लेमेंटी, सिंगापूर
८ जून २०१४

आदरणीय बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

आईंशी रविवारी फोनवर बोलणं होतंच. पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि हे मला आईंच्या मार्फत विचारायचं नव्हतं, म्हणून पत्र लिहिते आहे. वाचून झालं की जपून ठेवा, त्यांच्या हाती पडू देऊ नका.

जाई बरी आहे. शाळेत गणितात पुढे आणि मराठीत शून्य. तुम्ही पाठवलेली अंकलिपी तिने पहिल्या दिवशीच रंगवून संपवली. मी प्रयोगशाळेत जाते. येताना हॉकर सेंटरवरून, म्हणजे खाली खाण्याच्या टपऱ्या आहेत तिथून, काहीतरी बांधून आणते. कुकर लावला की हात आपोआप तिघांचे तांदूळ घेतो, त्यापेक्षा कुकर नकोच.

कुशल तुम्हाला आठवत असेल, समीरच्या इथल्या पाया लेबार भागातल्या ऑफिसातला, आमच्या लग्नात सर्वांत जास्त नाचला होता तो. ज्याच्या हातून एप्रिलमध्ये न्यूझीलंडच्या शिकारीत समीर गेला, त्याची अशी ओळख करून द्यावी लागते. तिथल्या कोर्टाने त्याला खटल्यापर्यंत इथे कामावर परतायची परवानगी दिली आहे. नोव्हेंबरमध्ये तारीख आहे. दर रविवारी तो आमच्या इमारतीखालच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, बाकावर येऊन बसतो आणि जाताना दाराच्या जाळीला भाजीची पिशवी अडकवतो, पण घरात येत नाही. एकदा जाईनेच त्याला जाळीतून इथल्या इंग्रजीत विचारलं, व्हाय यू नेव्हर कम इन, ला.

गेल्या रविवारी मी त्याला घरात बोलावलं. तो म्हणाला की त्याने नेम धरला होता तो डावीकडच्या हरणावर. समीर तिथून वीस पावलं उजवीकडे झुडपाआड होता. हातातली रायफल शेतमालकाची, सेमी-ऑटोमॅटिक. असल्या रायफली अचूक नसतात, गोळी भरकटली. कुणा जाणकाराने तसं लिहून दिलं तर फार उपयोग होईल, असं त्याचा वकील म्हणतो. तुमची सैन्यातली नोकरी त्याला ठाऊक आहे. तुम्हाला विचारायची त्याची हिंमत नाही, म्हणून मी विचारते आहे.

बाबा, मला हे खरं असायला हवं आहे. दोष लोखंडाचा निघाला तर मी कुशलला घरचा म्हणू शकेन. शेवटी समीरजवळ तोच एकटा होता. समीर काय बोलला, त्याने पाणी मागितलं का, हे विचारायला मला दुसरं माणूस नाही, आणि अजून विचारायचा धीर झालेला नाही.

तुमचा माझ्यावर जीव आहे, तो असाच राहू द्या.
आपली,
दीप्ती


देहूरोड
२१ जून २०१४

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

हात सवयीने 'चि. सौ.' लिहायला गेला आणि थांबला. मग नुसतं चि. लिहिलं. मुलीला लिहितात तसंच ते आहे, तसंच समज. पीएच.डी. झालीस तरी अक्षर मात्र कंपाउंडरचंच. भिंग घेऊन वाचलं.

आता कामाचं. मी सैन्यात आर्मरर होतो, म्हणजे बिघडलेल्या रायफली दुरुस्त करणारा. दुरुस्त झालेली रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवायची, पाच गोळ्या झाडायच्या आणि कागदावरची भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली ते बघायचं. कान त्यातच गेले. तेव्हा या एका विषयात तरी माझं ऐक.

बोल्टच्या रायफलीत प्रत्येक गोळी हाताने खटका ओढून आत घ्यावी लागते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये सुटलेल्या गोळीच्या वायूनेच सगळी यंत्रणा मागे सरकते आणि पुढची गोळी आपोआप आत येते. हलणारे भाग जास्त, नळीला चिकटलेल्या वस्तूही जास्त. म्हणून ती बोल्टच्या रायफलीइतकी अचूक नसते असं म्हणतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे. पण किती? शंभर मीटरवर चांगली बोल्टची रायफल रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत गोळ्या घालते, शिकारीची सेमी-ऑटोमॅटिक तळहाताएवढ्या जागेत. फरक दोन बोटांचा, फार तर चार बोटांचा. वीस पावलांचा नव्हे. वरची दुर्बीण ढिली असेल तर गोळी लांब जाईल, पण मग ती आदल्या दिवशीही गेली असती. शिकारीच्या आधी टार्गेटवर गोळ्या मारून बघतातच. त्या कुठे पडल्या ते त्याला विचार.

नाचता येईना अंगण वाकडे, हे मी रंगरुटांना उठता बसता ऐकवायचो. आज लिहिताना ते जिभेवर कडू लागतंय. दीप्ती, तुला काय हवं आहे ते मला समजलं. पण समीरच्या मरणावर मी खोटी सही करणार नाही. तू कुशलला समोर बसवून विचार. जाईला त्या वेळी शेजारी पाठव.

तुझ्या सासूचे गुडघे तसेच आहेत, बोलणं चालू आहे. जाईला गोड पापा. या म्हाताऱ्यावर रागावू नकोस.
तुझे,
बाबा


क्लेमेंटी
१३ जुलै २०१४

आदरणीय बाबांस,
सविनय जय भीम.

तुमच्यावर रागावले होते. आठवडाभर पत्र उघडं टाकून त्याच्याकडे पाठ करून जेवत होते. मग विचारलं.

आदल्या दिवशी कुशलने त्याच रायफलीने टार्गेटवर पाच गोळ्या मारल्या होत्या. सगळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या, म्हणून शेतमालकाने त्याची पाठ थोपटली होती. एवढं त्याने सांगितलं. मग म्हणाला, वहिनी, हरीण नव्हतंच. सकाळचं धुकं होतं. समीर झऱ्याकडे जातो म्हणून गेला होता, त्याला परत यायला वेळ आहे असं कुशलने धरून चाललं. झुडपात तपकिरी काहीतरी हललं. त्याने नेम धरला आणि जिथे धरला तिथेच गोळी लागली. डावीकडचं हरीण त्याने पोलिसांसमोर घाबरून सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाही ते दिसायला लागलं.

मग मी माझं विचारून घेतलं. समीर काही बोलला नाही बाबा. पाणीही मागितलं नाही. कुशल पोहोचला तेव्हा सगळं संपलं होतं. इतके महिने मी जे ऐकायचं म्हणून जपून ठेवलं होतं, ते नव्हतंच. मी कुशलला जा म्हणाले. त्यानंतर तो आलेला नाही, आणि जाई दर रविवारी विचारते.

कोर्टाने आपल्याला, म्हणजे समीरच्या माणसांना, काय वाटतं ते लेखी मागवलं आहे. कधी वाटतं तो तुरुंगात सडावा. कधी वाटतं, कुणी सडलं म्हणून माझं काय भलं होणार. माझ्याने ठरत नाही. तुम्ही सांगाल ते लिहीन.

सांभाळून घ्या.
तुमची,
दीप्ती


देहूरोड
३ ऑगस्ट २०१४

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसलो आणि रोज उठलो.

रायफल चांगली होती. हेच मला पचत नाही. आयुष्यभर मी तेच केलं. वीतभर चुकणारी रायफल आली की माझी झोप उडायची. कानशीने घासून, स्क्रू आवळून, ती बोटभरावर आणली की साहेब शाबासकी द्यायचे आणि मी ती घ्यायचो. आता वाटतं, त्या शेतावरची रायफल कुणा आळशी माणसाने बिघडलेली तशीच ठेवली असती, हातभर चुकली असती, तर समीर झुडपातून उठला असता आणि त्याने कुशलला चार शिव्या घातल्या असत्या. दोघं हसत परत आले असते. ती अचूक होती म्हणून माझा मुलगा गेला. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू शकत नाही.

कुशलला माझा निरोप दे. त्याने कोर्टात जे घडलं ते तसंच सांगावं. सांगितलं, तर तुरुंग देऊ नका असं मी लिहून देईन आणि खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा घालीन. रायफलीवर ढकललं, तर माझी सही नाही. मला त्याची दया आली असं समजू नकोस. राग आहे, आणि तो माझ्याबरोबरच जाईल. पण त्याने एक गोष्ट तरी खरी सांगावी, समीरला तेवढं मिळावं.

तुला सही करायची नसेल तर करू नकोस. नवरा तुझा होता, तुझ्यावर माझा हुकूम नाही.

जेवत जा. बांधून आणलेलं का होईना.
बाबा


देहूरोड
१४ डिसेंबर २०१४

चि. दीप्ती,
खूप खूप आशीर्वाद.

मी पत्र लिहिते म्हणून घाबरू नको, सगळे ठीक आहेत. तू फोनवर कोर्टाचं सांगितलंस तेव्हा ह्यांनी तुझी पत्रं माझ्या पुढ्यात ठेवली. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना तसंही ऐकू येत नाही, पण कळलं. तुझ्यावरही रागावणार होते. मग वाचता वाचता राग राहिला नाही.

कुशलने सगळं खरं सांगितलं, आणि तुम्हा दोघांच्या सह्यांमुळे दंडावर सुटला, ते ऐकून होते. पण सिंगापूरची नोकरी जाऊन तो चिंचवडला आईवडिलांकडे आलाय हे काल कळलं. तो आमच्या दारात उभा होता. ओळखू आला नाही, इतका वाळलाय.

ह्यांनी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, स्वतः समोर पलंगावर बसले. तो खूप बोलला. ह्यांना त्यातला एक शब्द ऐकू गेला नसणार, तरी मान हलवत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. तुझ्या पत्रात आहे तेच होतं, पण त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

मी त्याला पाणी दिलं. जेवायची वेळ होती. बाजरीच्या भाकरी झालेल्या, पिठलं चुलीवरून नुकतंच उतरवलेलं, घरभर वास. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं ते काय म्हणतायत. माझी जीभ उचलली नाही दीप्ती. तो थोडा वेळ थांबला, मग माझ्या पायाला हात लावून गेला. त्याला फाटकापर्यंत सोडायला हे गेले.

ह्यांनी सही केली, तू सही केलीस. मी फार शिकलेली नाही, मला कुणी सही मागितली नाही. मला एवढंच करायचं होतं, जेवून जा म्हणायचं, आणि ते माझ्याच्यानं झालं नाही.

जाईला घेऊन उन्हाळ्यात ये. माया असू दे.
तुझी,
आई