अर्ध्यावर थांबणारी मुंगी

प्रिय धाकट्या,

तुझी मुंगी माझ्याकडे मजेत आहे. तू पाठवलेलं सुट्टीचं वेळापत्रक मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. तिथे ते कुणालाच त्रास देत नाही.

तुझी लेक मंद आहे, तिला एक वर्ग मागे बसवू, असं शाळा म्हणते. माझ्या शिवणखोलीत पहिले चार दिवस मलाही तसंच वाटलं. ती अर्धं वाक्य बोलायची आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायची. मी पडले बडबडी; उरलेलं मी बोलून टाकायचे, ती मान डोलवायची. खोदून विचारलं तेव्हा कळलं, शाळेत बाई अर्धं वाक्य सांगतात आणि उरलेलं अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो. घरी तर तू टपलेलाच. तिला फोनवर ‘काय जेवलीस’ विचारलं, तरी मेनू तूच सांगतोस.

पाचव्या दिवशी गणवेशांचं काम आलं आणि माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या. मुंगीने विचारलं, बाहीचं कापड वरून टेकडीसारखं का कापतेस, म्हणजे ते... आणि थांबली. मला बोलता येईना. बराच वेळ गेला. मग तिने वर्तमानपत्राची बाही कापली, स्वतःच्या दंडाला गुंडाळली आणि सावकाश सांगितलं, की हात वर खांद्याशी फुगीर असतो, खाली काखेत नसतो. मला हे कळायला दोन वर्षं आणि शिवण शिकवणाऱ्या उस्तादांच्या शिव्या लागल्या होत्या. संध्याकाळी सवयीने मी पुन्हा मध्ये तोंड घातलं, तर म्हणाली, “आत्या, थांब ना. माझं व्हायचंय अजून.” कुणी उलट बोलल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी मुख्याध्यापिका तिला समोर बसवून प्रश्न विचारणार, आणि त्यावर तिचा वर्ग ठरणार. ती मध्येच थांबेल. तू तोंड उघडशील. उघडू नकोस. ही खोड तुला माझीच लागली आहे, हे कबूल करायला इतकी वर्षं गेली. लहानपणी तू अडखळायचास, आणि दुकानात, पाहुण्यांत, गुरुजींसमोर तुझं सगळं मीच बोलायचे. भावाला किती जपते, म्हणून माझं कौतुक व्हायचं. तू मुखदुर्बळ आहेस, असं मी लोकांना सांगायचे. तेही तुझ्यासमोर, तुझ्या वतीने. म्हणून फोन न करता हे लिहिलं. फोनवर तू ‘ताई’ म्हणताच पुढचं मीच बोलले असते. तुला काय वाटतं ते सवडीने लिही. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच, प्रथमच गप्प बसलेली,
ताई