दुसरी बाही

७ डिसेंबर २०२५, रविवार. सकाळी ११.२०
वसई स्टेशनजवळ चंद्रहासकाकांच्या लोकरीच्या दुकानात उभा होतो तेव्हा कळलं. मोरपिशी लोकर, शेड नंबर ४१८, कंपनीने कायमची बंद केली. काका म्हणाले, गडद हिरवी घे रे, कोण बघतंय? मी म्हटलं, कृतिका बघणार आहे. मनात म्हटलं.
स्वेटरची पाठ झाली, पुढचे भाग झाले, डावी बाही झाली. उजवी राहिली. कृतिका आमच्या वरच्या मजल्यावर राहते. ऑफिसातला एसी फार थंड असतो, असं ती दिवाळीत लिफ्टमध्ये म्हणाली होती. मलाच. आणखी तिघे होते, पण ते विणत नाहीत.
वाढदिवस १८ जानेवारीला. भरपूर वेळ आहे. घाबरायचं नाही.

१४ डिसेंबर
विरार, नालासोपारा, सगळी दुकानं पालथी घातली. नाही. एका दुकानदार बाईंनी विचारलं, वसईत स्वेटर घालतं कोण? आई म्हणाली, एवढी चिकाटी बारावीच्या गणितात दाखवली असतीस तर आज झेरॉक्सच्या दुकानात उभा नसतास. तिला लोकरीतलं कळतं. बाकीचं नाही.

२१ डिसेंबर
ऑनलाइन ४१८ सापडली! तीन गुंडे, दुप्पट भाव. मागवली. प्रश्न सुटला.

२७ डिसेंबर
पोपटी निघाली. परत घेत नाहीत.

२८ डिसेंबर
शांत राहायचं ठरवलं. एकाच बाहीचा स्वेटर दिला तर? एसीचा झोत तिला कोणत्या बाजूने लागतो ते विचारायला हवं.

३ जानेवारी २०२६
आठवलं! गेल्या थंडीत याच लोकरीचा मफलर विणून कृतिकाला दिला होता. तो उसवला की बाही होते. तिने इतका जपून ठेवलाय की अंगावर एकदाही दिसला नाही. उद्या मागतो.

४ जानेवारी
जिन्यात भेटली. मी म्हटलं, थंडी पडली. ती म्हणाली, हो ना. चांगली सुरुवात आहे.

९ जानेवारी. सकाळी ७.४०
उमेळ्याच्या फाट्यावर मफलर दिसला. बाइकवर, केयूरच्या गळ्यात. हा उमेळ्याच्या वाडीवाल्यांचा मुलगा, तिच्याच ऑफिसात असतो. मागे कृतिका बसली होती. सोडायला चालला असेल.
रंग लांबूनही ओळखला. तसा आता निघत नाही.

११ जानेवारी
कृतिकाच्या आई पेढे घेऊन आल्या. केयूरशी साखरपुडा, १८ तारखेला. म्हणाल्या, पोरीचाच हट्ट, वाढदिवसालाच करू. आई मला म्हणाली, कौस्तुभ, पेढा खा. खाल्ला. साखर कमी होती.

१३ जानेवारी
केयूर घरी आला. मफलरचं टोक बाइकच्या साखळीत अडकून वीतभर उसवलं. म्हणाला, भाई, मी टाकूनच देणार होतो, पण ती चिडली. म्हणते, असा रंग परत मिळायचा नाही, खाली कौस्तुभकडे दे.
मी म्हटलं, ठेवून जा.
मफलर मांडीवर आहे. त्याच्या सेंटचा वास येतो. सगळा उसवला तर बरोबर एक बाही होईल. त्याला सांगता येईल, भाई, नाही जमलं.

१६ जानेवारी
जमलं. दुरुस्तीला तीच लोकर हवी होती आणि ती अख्ख्या वसईत एकाच ठिकाणी होती. डावी बाही उसवली. लागली थोडीच, पण उसवायला बसल्यावर थांबलो नाही. आई दारात उभी होती. चहा ठेवून गेली.
जोड कुठे आहे ते कुणालाही सापडणार नाही.

१८ जानेवारी. रात्री १०.१५
साखरपुडा नीट पार पडला. हॉलमध्ये एसी होता. कृतिका सारखी दंड चोळत होती. केयूरने कोट काढून तिला दिला.
हिशोब. ४१८चे दहा गुंडे, ९५०. पोपटी, ५७०. येणंजाणं, २१०. आहेराचं पाकीट, ५०१. एकूण २,२३१. पैकी आईचे देणे ६००.
येणे: दुरुस्तीचे ५०, केयूरकडून. सुटे नव्हते. कृतिकाच्या हाती पाठवतो म्हणाला. जीपे कर, असं मी म्हटलं नाही.