बाबांच्या पाठीवरचा घसारा

ताई,

मी अकाउंट्समध्ये नापास झालो. आता हे विसर. असं काही घडलेलंच नाही, निदान बाबांसमोर तरी.

घसाऱ्याच्या गणितानं घात केला, म्हणून फेरपरीक्षेच्या सरावासाठी काल रात्री बाबा झोपल्यावर घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या: कुठली वस्तू किती झिजली, किती वर्षं उरली. फ्रिजला दोन वर्षं आहेत. मिक्सर केव्हाच वारलाय, फक्त त्याला कुणी कळवलेलं नाही. बाबांच्या खुर्चीच्या पाठीला लिहिलं, "झीज पूर्ण. उरलेलं आयुष्य शून्य."

सकाळी मी बाकीच्या चिठ्ठ्या काढेपर्यंत बाबा तिला टेकून बसले आणि ती चिठ्ठी पाठीवर घेऊन फिरायला गेले. मला बाल्कनीतून दिसलं. हाक मारणार होतो, पण "कसला रे सराव?" हे त्यांनी विचारलंच असतं, आणि खोटं बोलताना मला हसू येतं.

ते आले की मागून मिठी मार आणि चिठ्ठी काढ. आधी जरा गोड बोल, नाहीतर तुझ्या मिठीनंच घाबरतील. मी फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला चाललोय.

तरी माझ्या नापास होण्यावर पाच वर्षांचा घसारा मंजूर करून, यंदा बाबांना फक्त एक पंचमांश नापास कळवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा