पेटीत बसणारी बॅटरी

जावईबापू,

होडीतल्या बॅटरीच्या पेटीत चपखल बसणारी तुमची ती बॅटरी दाराबाहेर काढून ठेवली आहे. घरात घेऊ नका, मला तिचं तोंड बघायचं नाही.

अहो, जोडे घेताना कोणी पाय सोडून खोका मोजतं का? होडीवर काय काय चालतं, हे दुकानदाराने विचारलंच असेल. दिवे, वायरलेस, पाणी उपसायचा पंप, एवढी तीन नावं तुम्हाला सांगता आली नाहीत? जाळं टाकलं की आपण इंजिन बंद ठेवतो. तेवढा वेळ सगळा भार बॅटरीवर, आणि शेवटी इंजिनही तिनेच सुरू करायचं. तुमची ही गाडीत घालायची बॅटरी पंप चालवण्यातच संपली. मग मी डब्याने पाणी उपसत बसलो आणि होडी किनाऱ्यापर्यंत तुमच्या बायकोने वल्हवत आणली. तुम्ही धक्क्यावर उभे राहून विचारलंत, "मासे काय मिळाले?"

मोठी बॅटरी आणायला मी चाललोय. पेटीही नवी ठोकीन. तुम्ही कशालाही हात लावू नका.

शिसारी आली ती घरी आल्यावर. पोरगी मला म्हणते, "बाबा, बॅटरी मीच निवडली होती." खोटं बोलताना ती लहानपणापासून कानाची पाळी ओढते. कालही ओढायला गेली, पण फोडांनी बोटं मिटेनात.

मलम खिडकीत आहे.