बाळंतिणीच्या सामानातली खसखस

मुलुंड, मार्च १९८६, बुधवार

आई, तुला लिहून फार वर्षं झाली. तू गेल्यावर पहिली दोनेक वर्षं मी या वहीत तुझ्याशी बोलत असे. मग कॉलेजचे तास आणि पेपर तपासणं यांत ते सुटलं ते सुटलंच. रागावू नकोस. आज अडले म्हणून आले आहे, हे मला कळतं. अडल्यावरच लेकरं आईकडे येतात असं तू म्हणायचीस, पण त्या वाक्याच्या आड मी लपणार नाही.

तुझा धाकटा घरी आहे. तो आखातात गेला हे तुला ठाऊक नाही. तिथे एका कंपनीत एअर कंडिशनर दुरुस्त करायचा. बायको तिथल्याच एका इस्पितळात नर्स आहे. तिला दिवस गेले होते. ती इकडे येऊ शकत नव्हती म्हणून हाच थोड्या दिवसांच्या रजेवर येऊन गेला, आणि जाताना मी त्याच्या बॅगेत बाळंतिणीचं सामान भरलं. तू भरलं असतंस तेच: डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, सुंठ, आणि खसखशीची पुडी. तिनं फक्त अळीव मागितले होते. खसखस माझ्या मनची. तू घाटकोपरच्या त्या प्रसूतिगृहात आयाचं काम करायचीस तेव्हा प्रत्येक बाळंतिणीच्या नातेवाइकांना विचारायचीस, "खसखस घातलास काय गो लाडवात? झोप कशी येतली तिका?" तुझ्या अंगाला तिथून शेक-शेगडीचा वास यायचा आणि मी तुझ्या पदराला नाक लावून बसायचे. ते सगळं मी जसंच्या तसं पुढे चालवत होते, आई. मला अभिमानच वाटत होता.

तिकडे खसखस अफूच्या हिशेबात धरतात. आपल्यापैकी कुणाला हे माहीत नव्हतं. दारू नेऊ नये, देवाची तसबीर दिसेल अशी ठेवू नये, एवढं सगळे सांगतात. खसखशीचं कोण सांगणार?

"आधी तिथला कस्टमवाला हसला ना, ताई," धाकटा सांगतो. स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून बसलेला असतो. "मी त्याला हाताने बाळ झोपवून दाखवलं. म्हटलं, वाइफ, बेबी, लड्डू. तो हसला गं. मला वाटलं, सुटलो. मग त्याने ती पुडी हुंगली आणि दुसऱ्याला हाक मारली." काही दिवस त्याला एका खोलीत ठेवलं आणि मग विमानात बसवलं. पासपोर्टावर लाल शिक्का आहे. अरबी वाचणाऱ्या एका गृहस्थाकडून वाचून घेतला: या इसमाला पुन्हा प्रवेश नाही. किती काळ, ते लिहिलेलं नाही.

बाळ झालं. मुलगी. त्याने तिला पाहिलेलं नाही. दर शुक्रवारी शेजारच्यांच्या फोनवर बायकोचा ट्रंककॉल येतो, आणि तो रिसीव्हर कानाला लावून नुसता उभा राहतो, कारण ती बाळाला फोनजवळ धरते. मागच्या शुक्रवारी तिने मला बोलवायला सांगितलं. "ताई, घर ह्यांच्या कंपनीचं आहे, महिनाअखेर सोडायला सांगितलंय. नर्सांच्या होस्टेलात बाळ ठेवू देत नाहीत. कराराची मुदत संपेपर्यंत माझा पासपोर्ट इस्पितळाकडे. मी हिला कुठे ठेवू? सांगा ना." मी काय सांगितलं? "बघतो आम्ही." शेजारीण भाजी निवडत ऐकत होती. मी गेल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं असणार, कारण जिन्यात आता सगळेच विचारतात, "काय रे, परत कधी?" आणि तो म्हणतो, "रजा वाढवलीय." घरात आल्यावर म्हणतो, "वाट लागली, ताई. सगळ्याची वाट लागली." परवा दाढी करता करता अर्धी सोडून उठला आणि तसाच दिवसभर राहिला. मला त्याला एकटं सोडून कॉलेजात जायची भीती वाटते.

मी शिकलेली, म्हणून धावपळ माझ्याकडे. कंपनीला पत्रं लिहिली. त्यांनीच रदबदली केली तर बंदी उठू शकते, पण त्यांनी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलेलाही आहे. आपल्या वकिलातीचं उत्तर आलं की त्या देशाच्या कायद्यात ढवळाढवळ करता येत नाही. अंधेरीला एक वकील आहेत, आखातात अडकलेल्यांचीच कामं करतात. त्यांच्याकडे बाकावर रत्नागिरीकडची माणसं पासपोर्ट छातीशी धरून बसलेली असतात. मी विचारलं, हायकोर्टात जाता येणार नाही का? ते म्हणाले, "बाई, इथल्या कोर्टाचा हात तिथवर पोचत नाही. एकच वाट आहे. तिथल्या वकिलाला मुखत्यारपत्र द्यायचं आणि त्याने त्यांच्या मंत्रालयात अर्ज करायचा. त्यालाही मुदत आहे."

"अर्जात काय म्हणायचं?"

"भावाला माहीत नव्हतं, असं."

"ते खरंच आहे. बंदी आहे हे त्याला माहीत नव्हतं."

"ते नाही चालत. कायदा माहीत नव्हता म्हटलं तर कुणी ऐकत नाही. बॅगेत वस्तू आहे हे माहीत नव्हतं म्हटलं तर ऐकतात. बाळंतिणीसाठी बहिणीने गुपचूप घातली. बायका घालतात, ते त्यांनाही पटतं. तुम्ही शपथपत्र करा."

मी म्हटलं, नुसतं "त्याला माहीत नव्हतं" असं लिहू या. ते हसले. "काय माहीत नव्हतं ते लिहावं लागतं, बाई. तुम्ही तर शिकवता."

आई, खसखस वाण्याकडून त्यानेच आणली होती. पुडीला दोराही त्यानेच बांधला, माझ्यासमोर, "सांडली तर कपड्यांभर होईल" म्हणत.

तू मला एकदा प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं होतंस, आठवतं? याने थर्मामीटर फोडला होता आणि मी म्हटलं, मी फोडला. तो पाच वर्षांचा, मी बारा-तेराची. मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. तुला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी तू दोघांना घेऊन गेलीस, त्याला बोलायला लावलंस, आणि परतताना फाटकाशी मला म्हणालीस, "खोटा बोललंस ता बोललंस, वर उपकार केल्यासारख्या त्वांड करतंस?" मला तेव्हा तुझा राग आला होता. त्याला तू चणे घेऊन दिलेस, मला नाही.

गेले आठ-दहा दिवस मी हेच घोळवते आहे. हे खोटं कुणाला लागतं? मला शिक्षा होणार नाही, मी तिकडे कधी जाणार नाही. मग हे भित्रं खोटं आहे, कारण त्याची मला काहीच किंमत पडत नाही. की ती पडत नाही म्हणूनच मी इतकी तयार आहे? आणि खरं लिहिलं तर? खरं लिहून मी स्वच्छ राहीन, आणि बाळ महिनाअखेर कुठे जाईल? माझ्या स्वच्छतेचं ओझं त्या पोरीने उचलायचं का? वर्गात मुलींना मी असे प्रश्न घालते आणि त्या वहीच्या मार्जिनमध्ये फुलं काढत बसतात. आता कळतं, त्यांचं बरोबर होतं.

तू असतीस तर काय केलं असतंस, ते सांग, असं लिहायला मी बसले होते. म्हणजे पानाच्या सुरुवातीला मला तसंच वाटत होतं. पण तुला विचारून मी काही ठरवणार नव्हते, आई. शपथपत्र दुपारीच झालं. मी हाफ डे टाकून अंधेरीला गेले. नोटरीने विचारलं, "वाचलंत ना?" मी म्हटलं, वाचलं. "सदर पुडी मी माझ्या भावाच्या नकळत त्याच्या बॅगेत ठेवली." आणि एका झटक्यात सही केली. याचीच मला जास्त भीती वाटते. त्याला अजून सांगितलेलं नाही. तो आत कुशीवर पडला आहे, जागा आहे.

तुला हे पान पाठवायला ठिकाण नाही तेच बरं; असतं, तर पाठवायचं धाडस मला झालं नसतं.

उद्या: सकाळी त्याला शेजारी बसवून पाठ करून घ्यायचं, की बॅगेत पुडी आहे हे त्याला माहीत नव्हतं.